कपाटाची चावी माझ्याच कमरेला हुती

माझं काय पायजे ते लिवा पावणं, त्या दवाखान्याचं नाव तेवढं लिवू नका, तेरा वर्सं मी त्यांचं मीठ खाल्लंय. मी शैला. आमी मूळचं आजऱ्याकडचं. आप्पा तिकडच्या एका काजूच्या कारखान्यात टेम्पोवर हुतं आन् आमची आई त्याच कारखान्यात काजू फोडायला. आईचं माहेर पार कर्नाटकाच्या हद्दीवरचं, त्यांच्या घरात कानडी, म्हणून आमी तिला अव्वा म्हणतो. आता काजू तुमी खाल्ला असशीला, पांढराशिप्पट, वाटीत घालून पावण्याच्या म्होरं ठेवायचा, पण त्यो फोडणाऱ्या बाईचा हात कवा बघिटलाय का? टरफलात तेल असतंय, काळं, चिकट, कातडीला लागलं की भाजतंय. बायका आधी हाताला राख न्हायतर तेल फासून बसायच्या, तरीबी सांजपातूर बोटं काळी व्हायची ती व्हायचीच, मग कातडं सोलायचं, आन् दुसऱ्या दिवशी त्याच बोटांनी पुन्हा फोडायचं. मजुरी किलोवर. अख्खा गर निघाला तर येगळा भाव, तुकडा झाला तर येगळा. अव्वाचा अख्खा निघायचा, त्याचा तिला लई अभिमान. पण कुणाच्या लग्नाला गेली की हात पदराखाली. हळदीकुंकवाला कुणी म्हणलं हात म्होरं कर की ही मागं सरायची. मी बारकी असतानाच ठरवलं, आपल्याला हात पांढरं ऱ्हाणारी नोकरी पायजे. नर्सचा ड्रेस पांढरा, हात पांढरं, मला वाटलं हीच. त्या पांढऱ्या हातांनी पुढं काय काय उचलाय लागतंय ते कुणी सांगितलं न्हाय बघा.

बारावी झाल्यावर कोल्हापुरात नर्सिंगचा कोर्स केला, एएनएम म्हणत्यात त्यो. पास झाले, सर्टिफिकेट घेऊन घरी गेले तवा अव्वा नुकतीच कारखान्यातनं आलती, पायबी धुतलं नव्हतं. मी कागद तिच्या म्होरं केला, घे की अव्वा. बेड बेड म्हणाली, म्हंजे नको नको, डाग पडंल, तू धर, मी बघते. तिला मराठी वाचाय येत न्हाय. तरीबी बघतच बसली, दोन्ही हात पाठीमागं बांधून, शाळेत मास्तरानं उभं केल्यागत. त्यात तुझं नाव कुठलं म्हणून इचारलं, मी बोट ठेवून दावलं. मग म्हणाली, एवढं बारकं लिवलंय?

पंधरा दिवसात नोकरी लागली. पंचवीस खाटांचा दवाखाना, डॉक्टरसाहेब पेशंट बघायचे आन् त्यांच्या मिसेस, आमी मॅडम म्हणायचो, सगळा कारभार बघायच्या. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, ओरिजिनल कागद जमा कर. आता ही काय त्यांनीच काढलेली रीत न्हाय, आमच्या धंद्यात ही चालतीया. पोरी येत्यात, हात बसला की दुसरीकडं पळत्यात, म्हणून कागद अडकवून ठेवायचा, की कागद न्हाय म्हंजे दुसरी नोकरी न्हाय. एका वहीत सही घेतली आन् फाईल लोखंडी कपाटात. म्हंजे बघा, अव्वानं डाग पडंल म्हणून ज्याला हात लावला न्हाय, त्यो कागद नीट माझ्या हातालाबी लागला न्हाय तोवर कपाटात गेला. पण तवा मला तसं काय वाटलं न्हाय. नोकरी लागली ह्याचाच आनंद.

आन् काम म्हणाल तर मला लई आवडायचं, खोटं कशाला बोलू. लहान लेकराची शीर सापडत न्हाय, दोघी-तिघींनी टोचून बघिटलेलं असायचं, ते रडून रडून निळं पडलेलं, मग साहेब म्हणायचे शैलाला बोलवा. मी पहिलं त्याच्या आईला गप करायची, मग त्याला, आन् एका टोच्यात शीर. बाळंतपणात लेकरू पहिलं माझ्या हातात यायचं. तवा जे काय वाटतंय ते सांगून कळायचं न्हाय तुमास्नी. अजून रस्त्यात कोण बाई भेटती, अक्का वळखलं का, ही तुमच्या हातची, आन् ही म्हंजे माझ्यापरास उंच झालेली पोरगी. मला काय वळखू येत न्हाय, पण मी म्हणते व्हय की, नाकावरनं वळखलं.

आठव्या वर्साला मला इनचार्ज केलं. दसऱ्याच्या दिवशी मॅडमनी साडी दिली, ओटी भरली आन् कपाटाची चावी हातात ठेवली, म्हणाल्या शैला, आता तू घरातलं माणूस. मी ती चावी करदोड्यात घालून कमरेला अडकवली. तोवर माझं लगीन झालतं, आमचं मालक मोटारी वायंडिंगचं काम करत्यात, त्यांनी हसून इचारलं, काय गं, दवाखाना नावावर करून दिला व्हय? मला राग आला, इतका मला त्या चावीचा मान वाटायचा. त्या कपाटात वरच्या फळीवर भारी इंजेक्शनं असायची आन् खालच्या फळीवर पोरींच्या फायली. इंजेक्शनासाठी दिवसातनं धा वेळा कपाट उघडायचं, आन् धा वेळा माझी निळी फाईल मला दिसायची, वर माझंच अक्षर. मला त्यात कायबी वावगं दिसलं न्हाय. उलट नवी पोरगी कागद द्यायला बिचकली तर मीच सांगायची, दे गं, खोलीवर उंदीर कुरतडत्यात, हितं कसं सुरक्षित ऱ्हातंय.

पगाराचं इचाराल तर पगार वाढायचा, न्हाय असं न्हाय, पण कसा, तर दिवाळीला मिठाईच्या पुड्यासंगट. तेरा वर्सांनी चौदा हजार हुता. मोठ्या कोर्सची एक पोरगी नवी आली, तिला सलाईन लावायला मी शिकवलं, आन् तिचा पगार पहिल्या दिवसापासनं माझ्यापरास जास्त. मी मॅडमना म्हटलं, असं कसं? तर म्हणाल्या, अगं ती परकी, तू घरातली. आता घरातल्या माणसाला कुठं पगार मागता येतोय? माझी पोरगी पाचवीला हुती, तिच्या क्लासची फी मालक भरायचे आन् मी घरातलं माणूस म्हणून दवाखान्यात मिरवायची.

आता रेश्माचं सांगते. तेच सांगाय बसले, मधीच दुसरीकडं गेले.

रेश्मा कागलची. तिचा बाप टेलर, घरात ही थोरली. आमच्याकडं ती तीन वर्सं हुती, मला अक्का म्हणायची, माझ्या डब्यातलं दोडक्याचं खायची आन् ईदला शीरखुर्म्याचा डबा पहिला माझ्या घरी. कामाला हुशार, जरा तोंडाळ, पण मला ते आवडायचं. तिला सरकारी उपकेंद्रात कंत्राटी जागेचं पत्र आलं. दुसऱ्या दिवशी अकराला ओरिजिनल कागद घेऊन हजर ऱ्हायचं, कागद न्हाईत तर नाव कट, म्होरच्या नंबराला जागा. मॅडम पुण्याला गेलत्या. मी फोन लावला. मॅडम म्हणाल्या, तीन म्हयन्यांची नोटीस दे म्हणावं, मग कागद, आन् मी येईस्तोवर फाईल हलवायची न्हाय. मी रेश्माला तसंच सांगितलं. ती म्हणाली, अक्का, दोन तासांसाठी द्या, दावते आन् परत आणून ठेवते. मी म्हटलं, माझ्या हातात न्हाय गं ते. तर ती म्हणाली, हातात कुठं, कमरेला हाय की.

काय सांगू तुमास्नी, तवा आत एक पेशंट हुता, त्याला इंजेक्शन द्यायचं हुतं. मी रेश्माच्या म्होरं कपाट उघडलं. वरच्या फळीवरनं इंजेक्शन काढलं. खाली तिची फाईल, हिरवी, सगळ्यांच्या वर, हात घातला असता तर आली असती. मी कपाट लावलं. ती तिथंच उभी. मी राऊंडला गेले, परत आले, ती उभीच. मी तिच्याकडं बघिटलं न्हाय, सलाईनच्या बाटल्या मोजत बसले. मग कवा गेली कळलं न्हाय.

ती जागा गेली तिची. तिसऱ्या दिवशी डुटीवर आली, भांडली न्हाय, रडली न्हाय. नुसतं म्हणाली, सिस्टर, सात नंबरला ताप हाय. सिस्टर. तीन वर्सांत पहिल्यांदा. मला वाटलं राग हाय, जाईल आठ दिवसात. त्यो काय राग नव्हता. तिनं ठरवून माझं नातं तोडलं हुतं. डबाबी ती बाहेर जिन्यावर बसून खायची.

त्याच्या म्होरल्या वर्साला, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका लोखंड ओतायच्या फौंड्रीत दवाखान्याला नर्स पायजे, असं मालकांच्या वळखीच्यानं सांगितलं. मोठ्या कारखान्यात आतच एक दवाखाना असतोय, कामगारांसाठी. मी गेले, मुलाखत दिली, झेरॉक्सवर काम भागलं. पगार बावीस, वर पीएफ, न्यायला-आणायला बस, रविवार सुट्टी. रविवार सुट्टी म्हटल्यावर मला खरंच वाटंना. दीड म्हयन्यानं एक तारखेला हजर व्हायचं, ओरिजिनल घेऊन.

मी मॅडमना सांगितलं, म्हयन्याची नोटीस देते. पहिलं त्या हसल्या. मग म्हणाल्या, फौंड्रीत पट्ट्या बांधत बसणार तू? तुझा हात असला, वाया जाईल. हे मातर मला लागलं, कारण मलाबी आतनं तेच वाटत हुतं. मग म्हणाल्या, दोन हजार वाढवते. मी न्हाय म्हटलं. मग त्यांचा आवाज बदलला. कागद तीन म्हयन्यांनी बघू, आन् जाताना चावी रेश्माकडं दे, आता तीच जुनी हाय.

त्या दिवशी बसमधनं घरी येताना माझं डोकं नुसतं भणभणत हुतं. माझ्या कागदाचं दुख हुतंच, पण त्यापरास चावी रेश्माकडं दे हे मनातनं जाईना. म्हंजे मी जे तिला केलं तेच आता तिनं म्होरच्या पोरीला करायचं. मालक म्हणाले, येडी का काय तू, कपाट तू उघडतीस, फाईल काढ, पिशवीत घाल आन् ये. सोपं हुतं, कुणाला कळलंबी नसतं. पण चोरून आणायला त्यो काय मॅडमचा कागद हाय व्हय? माझं नाव हाय त्यावर. माझी वस्तू मी चोरली तर ती माझी न्हाय असंच झालं की. मालक म्हणाले, मग कर काय करायचं ते, पण रडत येऊ नको. मी म्हटलं, न्हाय येत.

कोर्टातल्या एका वकिलाला जाऊन इचारलं. त्यो म्हणला, बाई, कागद ज्याच्या नावाचा त्याचा, तुमी एवढी वर्सं इचारलं का न्हाय? आता ह्याला काय सांगायचं, की इचारणाऱ्याला मीच गप करत हुते.

नोटिशीचा म्हयना मी पुरा भरला. एक दिवस कमी न्हाय, उलट दिवाळीत सुट्टीबी घेतली न्हाय. शेवटच्या दिवशी सकाळी दोन्ही पाळीच्या पोरी एका वक्ताला असत्यात, डुटी बदलताना, तवा मी टेबल म्होरं ओढलं, कपाट उघडलं आन् खालच्या फळीवरच्या सगळ्या फायली टेबलावर मांडल्या. अकरा. वही काढली, तीच जमा केल्याची सही असलेली, पहिली माझ्या नावाम्होरं सही केली आन् माझी निळी फाईल पिशवीत घातली. म्हटलं, या गं, आपआपलं नाव बघा, सहीच्या म्होरं परत मिळालं असं लिवा, तारीख घाला आन् फाईल घ्या.

मॅडम पळत आल्या. काय आरडल्या, काय आरडल्या. पोलिसात देते म्हणाल्या. मी म्हटलं द्या की, मी हितंच हाय, पोलिसांनी इचारलं तर ह्या अकरा कागदांवर कुणाकुणाची नावं हाईत ती वाचून दावू. आवाज मोठा काढला बरं का, आमच्या कोल्हापूरकडं ते बरं जमतंय. डॉक्टरसाहेब केबिनच्या दारात आलं. मी त्यांना म्हटलं, साहेब, तुमच्या हाताखाली मी शिकले, तुमचं उपकार न्हाय इसरणार, पण तुमचं सर्टिफिकेट तुमी भिंतीवर लावलंय, आमचं कपाटात का? साहेबांनी वळून केबिनच्या भिंतीकडं बघिटलं. मग मॅडमना म्हणाले, जाऊ दे. एवढंच, आन् आत गेले.

अकरातल्या सगळ्यांनी घेतलं असं समजू नका. दोघी म्हणाल्या, ऱ्हाऊ दे अक्का, मॅडम रागावतील. त्यांच्या फायली मी परत फळीवर ठेवल्या. मला त्यांचा राग आला न्हाय, मी तेरा वर्सं त्यांच्यागतच हुते. रेश्मा सगळ्यांच्या शेवटी आली. सही केली, हिरवी फाईल उघडून एकेक कागद बघिटला, बंद केली आन् पिशवीत घातली. मी म्हटलं, रेश्मा, त्या दिवशी मी चुकले. वरच्या फळीला हात गेला माझा, खालच्या न्हाय गेला. ती म्हणाली, व्हय. बास. मी चावी करदोड्यातनं सोडवली आन् मॅडमच्या टेबलावर ठेवली. कंबर हलकी लागायला मला चार दिवस लागलं, सारखा हात तिकडंच जायचा.

अव्वा आता माझ्याजवळच असती. आप्पा गेल्यावर आणली तिला, काजू सोडून वर्सं झाली. मी फाईल तिच्या म्होरं ठेवली आन् भाकरी करायला आत गेले. बाहेर आले तर कागद तिच्या हातात. दोन्ही हातात धरलेला. बोटं पांढरी कुठली व्हायला, डाग हाईतच, पण सुकलेलं, धरल्यावर उमटत न्हाईत. ती म्हणाली, वजन कायच न्हाय गं ह्याला. मग मला रडू आलं, मालकांना म्हटलं तसं रडत आले न्हाय, पण घरी येऊन रडले.

एक तारखेला कंपनीत गेले. तिथला साहेब तरणा हुता, म्हणाला सिस्टर, ओरिजिनल द्या. मी कागद त्याच्या म्होरं धरला, वरची दोन टोकं माझ्या हातात. त्यानं ओढला, मी सोडला न्हाय. सोडा की सिस्टर म्हणाला. मी म्हटलं, तुमी वाचा, मी धरते. त्यो हसाय लागला, त्याला वाटलं चेष्टा. पण वाचला त्यानं तसाच, मान वाकडी करून.

आता कंपनीतलं सांगते. पहिलं दोन म्हयने मला करमलं न्हाय. गार खोली, खुर्ची, टेबल, डॉक्टर आठवड्यातनं दोनदा. कुणी जन्मत न्हाय, कुणी मरत न्हाय. मॅडमचं खरं झालं वाटायचं, पगार वाढला आन् हात वाया गेला. लेकरू हातात घ्यायची आठवण अजून येती, येणारच, त्यावर कायबी औषध न्हाय. मग एक दिवस बघिटलं की कंत्राटी पोरं हाताला फडकं बांधून जात्यात, आत येत न्हाईत. एकाला बलवलं, हात दाव म्हटलं. त्यानं हात पाठीमागं नेला. पावणं, ते असं पाठीमागं नेलेलं हात मी जन्मापासनं बघत आले. भाजलेलं हुतं, चार दिवसाचं, दाखवलं तर उद्या कामावर घेणार न्हाईत ही भीती. मी ते धुतलं, मलम लावलं आन् नाव वहीत लिवलं. सुपरवायझर आला, सिस्टर, कंत्राटीची नावं वहीत घ्यायची न्हाईत म्हणाला. मी म्हटलं, वही माझी, हात त्याचा, तुमाला काय म्हणायचं ते डॉक्टरांना लिवून द्या. त्यानं अजून लिवून दिलं न्हाय. आता पोरं स्वताहून येत्यात, अक्का, बघा जरा. म्हंजे हात वाया गेला न्हाय.

रेश्माला कागलातच एका बाळंतपणाच्या दवाखान्यात नोकरी मिळाली. माझी बस तिच्या स्टॉपवरनं जाती. दिसती कवा कवा, मान हलवती, मीबी हलवते. गेल्या म्हयन्यात तिचा फोन आला. वर्सानंतर पहिला. म्हणाली, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लागलंय माझं, उद्या कागद मागितलेत, मला भ्या वाटतंय, कसं करू? मी म्हटलं, दावायचं, पण वरची दोन टोकं आपल्या हातात ठेवायची, म्हणायचं तुमी वाचा, मी धरते. ती हसली, मोठ्यानं हसली, पहिल्यागत. मला वाटलं आता अक्का म्हणंल. पण फोन ठेवताना म्हणाली, बरं, ठेवते सिस्टर.

म्हणू दे. तिचं बरोबर हाय, चावी माझ्याच कमरेला हुती. देव तिचं बरं करू दे, तिच्या कमरेला कवा कुणाच्या कपाटाची चावी येऊ नये. पण भ्या वाटलं तवा फोन तिनं मलाच लावला, एवढं तेवढं लिवा.